स्टेशनपासून पाच मिनिटांवर

तुमच्या घरापासून सर्वांत जवळचं रेल्वे स्टेशन किंवा एसटी स्टँड किती लांब आहे? किलोमीटर नको, पायी किती मिनिटं ते सांगा. पाच मिनिटं? मग तुम्ही नशीबवान! आणि ज्यांच्या घरून आधी रिक्षा, मग बस आणि मग गाडी असा प्रवास असतो, त्यांनी आपल्या बाबांना किंवा आईला विचारावं, रोज त्यात किती वेळ जातो ते.

आज एका अशा उपनगराची गोष्ट सांगते, जिथे याच पाच मिनिटांवरून मोठी माणसं पन्नासएक वर्षं वाद घालत आली आहेत. हे उपनगर अमेरिकेत आहे. वॉशिंग्टन या राजधानीच्या शहराला लागून पोटोमॅक नदी वाहते. तिच्या पलीकडच्या काठावर आर्लिंग्टन आहे. क्षेत्रफळ जेमतेम ६७ चौरस किलोमीटर. कारभार मात्र स्वतंत्र, आपल्याकडच्या एखाद्या छोट्या जिल्ह्यासारखा; त्याला तिथे काउंटी म्हणतात.

आर्लिंग्टन म्हणजे झाडं, हिरवळ आणि सुटी घरं. पण १९७० च्या सुमारास तिथली मोठी माणसं काळजीत होती. विल्सन बुलेव्हार्ड हा त्यांचा जुना बाजाररस्ता ओस पडत चालला होता. लोक गाड्या घेऊन आणखी लांबच्या नव्या उपनगरांत जाऊ लागले होते. १९७० मध्ये आर्लिंग्टनची लोकसंख्या सुमारे १ लाख ७४ हजार होती. १९८० मध्ये ती १ लाख ५३ हजारांच्या आसपास आली. दहा वर्षांत वीस हजारांहून जास्त माणसं कमी! गाव नुसतं सुंदर असून चालत नाही, त्यात माणसंही राहावी लागतात.

त्याच वेळी वॉशिंग्टनची मेट्रो रेल्वे आखली जात होती. रूळ कुठून न्यायचे? स्वस्त उपाय तयारच होता. एक मोठा महामार्ग होणार होता, त्याच्या मधल्या पट्ट्यात रूळ टाकायचे. जमीन मिळालेलीच, खोदकाम कमी. पण जरा विचार करा. स्टेशनच्या दोन्ही बाजूंना भरधाव मोटारी. तिथे दुकान कोण थाटणार? घर कोण बांधणार? गाडीतून उतरायचं, पूल ओलांडायचा आणि वाहनतळावरची आपली मोटार शोधायची, एवढंच!

आर्लिंग्टनच्या कारभाऱ्यांनी उलटं केलं. त्यांनी आग्रह धरला, की मेट्रो आमच्या पडक्या बाजाररस्त्याच्या खालून, भुयारातून न्या; जास्तीच्या खर्चाचा भार आम्ही उचलतो. आणि तसंच झालं. १९७७ मध्ये रॉस्लिन हे पहिलं स्टेशन उघडलं. डिसेंबर १९७९ मध्ये पुढची चार आली: कोर्ट हाउस, क्लॅरेंडन, व्हर्जिनिया स्क्वेअर आणि बॉलस्टन. अवघ्या पाच किलोमीटरांत पाच स्टेशनं.

आता खरी अडचण. तुमची कंपासपेटी काढा. कागदावर एक टिंब द्या, ते स्टेशन. त्याभोवती ४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ आहे असं समजा. मोठं माणूस साधारण पाच मिनिटांत एवढं चालतं. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायला शिकलेल्यांनी गणित करून पाहावं: सुमारे पाच लाख चौरस मीटर, म्हणजे जवळपास ५०० गुंठे. प्रत्येक बंगल्याला दहा गुंठे दिले, तर या वर्तुळात पन्नाससुद्धा बंगले नीट बसत नाहीत. थांबा, थांबा! इथे माझं गणित चुकलं. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. तेव्हा वर्तुळात ५०० नव्हे, जवळजवळ ५,००० गुंठे येतात आणि बंगले पाचशे. (बघा, शून्य हरवलं की असं होतं.) त्यातून रस्ते वजा करा, शाळा वजा करा, म्हणजे आणखी कमी. आठ डब्यांची एक मेट्रो हजारभर माणसं सहज नेते. म्हणजे एवढा खर्च करून खोदलेल्या स्टेशनाभोवती चारशे-पाचशेच कुटुंबं! म्हणून नियोजन करणारे म्हणाले, वर्तुळात उंच इमारती हव्यात.

झालं! बंगलेवाले उठून उभे राहिले. आमच्या अंगणात सावली पडेल, गल्लीत मोटारी घुसतील, शाळेत गर्दी होईल, आमची झाडं जातील. ही भीती काही खोटी नव्हती. आपल्या घराशेजारी वीस मजली इमारत उठणार म्हटलं की आपले आजोबाही सोसायटीची सभा बोलावतीलच.

मग बऱ्याच सभा झाल्या आणि एक तोडगा निघाला. नेमबाजीच्या फळीवर जशी वर्तुळं असतात, तसा नकाशा काढायचा. अगदी मध्यभागी, स्टेशनला चिकटून, सर्वांत उंच इमारती. थोडं लांब गेलं की उंची कमी, आणखी लांब गेलं की आणखी कमी. आणि वर्तुळ संपलं की जुने बंगले. त्यांना हात लावायचा नाही, असा शब्द दिला गेला. प्रत्येक स्टेशनाला वेगळं कामही ठरवून दिलं. रॉस्लिनला कचेऱ्या, कोर्ट हाउसला सरकारी कारभार, क्लॅरेंडनला दुकानं.

हा शब्द पाळला गेला. बॉलस्टनला जिथे मोटारींचे मोकळे तळ होते, तिथे आज कचेऱ्या आणि सदनिका आहेत. त्यांच्यापासून दोन-तीन गल्ल्या चाललं की कुंपणावर खारी पळताना दिसतात. लोकसंख्या २०२० मध्ये २ लाख ३८ हजारांवर गेली. गंमत म्हणजे घरं आणि कचेऱ्या ज्या मानाने वाढल्या, त्या मानाने रस्त्यांवरच्या मोटारी वाढल्या नाहीत, कारण स्टेशनजवळ राहणारे बरेच जण चालत जाऊन मेट्रोच पकडतात. हीच मेट्रो १९८६ मध्ये पुढे व्हिएन्नापर्यंत गेली, पण ती महामार्गाच्या मधून. तिथल्या स्टेशनाशेजारी कित्येक वर्षं होते ते भलेमोठे वाहनतळच.

इथे मला ही गोष्ट संपवता आली असती. पण क्लॅरेंडनचं सांगायचं राहिलंय.

मेट्रोसाठी क्लॅरेंडनचा रस्ता खणला गेला, तेव्हा जुने दुकानदार कंटाळून निघून गेले. धूळ, खड्डे, गिऱ्हाईक नाही. भाडी उतरली. त्याच सुमारास, १९७५ मध्ये, व्हिएतनामचं युद्ध संपलं आणि देश सोडावा लागलेली हजारो कुटुंबं अमेरिकेत आली. त्यातल्या काहींना हे स्वस्त गाळे परवडले. त्यांनी तिथे किराणा, कापड, सोनं, खाणावळी अशी दुकानं टाकली. रस्त्यावर व्हिएतनामी पाट्या लागल्या. लोक त्या भागाला ‘लिटल सायगॉन’ म्हणू लागले. ओस पडलेला बाजार जिवंत ठेवला, तो या माणसांनी.

पुढे मेट्रो सुरू झाली, इमारती आल्या आणि भाडी चढली. दुकानदारांचे करार थोड्या मुदतीचे होते. एकेक जण निघाला. बरेच जण काही किलोमीटरवरच्या ईडन सेंटर या बाजारात गेले. १९८४ पासून तो त्यांचा बाजार झाला. नकाशावरच्या वर्तुळांत इमारतींची उंची लिहिलेली होती. या दुकानदारांसाठी मात्र त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.

आणि बंगलेवाले? त्यांचे बंगले राहिले, पण किमती एवढ्या वाढल्या, की सुट्या घराची सरासरी किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. त्या घरांत वाढलेल्या मुलांनाच मोठेपणी तिथे घर घेणं अवघड झालं. शिक्षक, नर्स, बसचालक यांची तर गोष्टच सोडा. म्हणून मार्च २०२३ मध्ये काउंटी बोर्डाने एकमताने नवा नियम केला: जिथे एकच घर चालत होतं, त्या भूखंडावर सहापर्यंत छोटी घरं बांधता येतील. इमारत मात्र एका मोठ्या बंगल्याएवढीच हवी. वाद पुन्हा पेटला. काही रहिवासी म्हणाले, तुम्ही शब्द मोडलात. काही म्हणाले, शब्द दिला तेव्हा आमचा जन्मही झाला नव्हता! २०२४ मध्ये एका न्यायाधीशांनी नियम रद्द ठरवला; २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला.

मला विचाराल तर स्टेशनजवळ दाट वस्ती हवीच, नाहीतर रेल्वे बांधायची कशाला? पण तुमच्या घरी यावर एकमत होतंय का बघा. त्यासाठी आपल्या गावाचा नकाशा घ्या. त्यावर १ सेंटिमीटरला १०० मीटर असं प्रमाण असेल, तर कंपास ४ सेंटिमीटर उघडा आणि स्टेशनभोवती, किंवा एसटी स्टँडभोवती, वर्तुळ काढा. आत कोण राहतं, कोणाचं दुकान आहे, कोण भाड्याने आहे, ते आई-बाबांबरोबर फिरून वहीत लिहा. आणि तिथल्या दुकानदारकाकांना विचारा, की त्यांचा करार किती वर्षांचा आहे.