मृगाआधी मचाणाला तेल द्या



एप्रिल-मे महिन्यात आपण नांगरट-कुळवणी उरकतो, शेणखत पसरतो, बियाण्याची जुळवाजुळव करतो. पण उघड्यावर ऊन-पाऊस खात उभं असलेलं लाकूड आपल्या ध्यानात येत नाही. राखणीचं मचाण, बैलगाडीचा साटा, फाटक, ओढ्यावरचा लाकडी साकव, गोठ्याचे खांब ही सगळी वर्षानुवर्षं निमूट काम करतात. आणि एक दिवस नेमकी वेळेला दगा देतात.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. शेतकीचं शिक्षण संपवून घरी आलो, तेव्हा ज्वारीच्या रानातल्या मचाणाला मी हौसेने चकचकीत रंग दिला. वळवाचा पाऊस होऊन दोनच दिवस झाले होते. फळ्या वरून वाळलेल्या दिसल्या, म्हणून मारला रंग. दोन पावसाळे गेले, मचाण नव्यासारखं दिसत होतं. हुरड्याच्या दिवसांत वडील गोफण घेऊन वर चढले आणि मधली फळी कडकन मोडली. त्यांचा हात मोडला. मी फळी उलटून पाहिली, तर आत नुसता भुसा. रंगाने ओल आत कोंडली होती आणि लाकूड आतून कुजलं होतं. म्हणून आज जे सांगतोय, त्यातलं निम्मं मी चुकून शिकलो आहे.

लाकूड कशाने जातं?

लाकडाचे शत्रू तीन: ऊन, साचलेली ओल आणि वाळवी.

उन्हाने लाकूड करडं पडतं, तंतू सुटतात, बारीक भेगा पडतात. पण एवढ्याने ते मोडत नाही. मोडतं ते कुजीने. कूज म्हणजे बुरशी. लाकडात साधारण २० टक्क्यांपेक्षा कमी ओल असेल, तर ही बुरशी वाढत नाही. म्हणजे पाऊस पडून लगेच वाळलेलं लाकूड टिकतं, आणि ज्या जागी पाणी मुरून बसतं ती जागा कुजते. अशा जागा ठरलेल्या असतात: खांब जमिनीत शिरतो तिथे, फळीच्या कापलेल्या टोकाला, दोन लाकडं एकमेकांवर बसतात तिथे आणि खिळ्याच्या भोकात.

दुसरी गोष्ट, साग, खैर यांचं गाभ्याचं गडद लाकूड टिकाऊ असतं. सालीलगतचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी लवकर जातं. आंबा, सावर यांच्या फळ्या उघड्यावर वापरूच नका.

आधी तपासणी

घरात पोती शिवायचं दाभण असतं, ते घेऊन जा. वर सांगितलेल्या प्रत्येक जागी टोचून पाहा. चांगल्या लाकडात दाभण जेमतेम टोकापुरतं शिरतं. सहज सेंटीमीटरभर आत गेलं, तर तिथे कूज आहे. मग हातोडीने ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत पोकळ. पायाखालची फळी अशी निघाली, तर तिला तेल-रंग करत बसू नका, बदला. एका फळीच्या पैशासाठी माणसाचा हातपाय जायला नको.

नवी फळी बसवताना शेजारच्या फळीपासून पेन्सिलीच्या जाडीएवढी फट ठेवा. पाणी खाली गळून जातं, वारा खेळतो. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले वापरा. साधा खिळा गंजतो, आणि बाभळीसारख्या लाकडावर त्याभोवती काळा डाग धरतो.

साफसफाई

१. फटींत अडकलेला पालापाचोळा, माती, शेण काडीने उकरून काढा. ओल धरून ठेवणारी जागा हीच.

२. बादलीभर पाण्यात दोन मुठी धुण्याचा सोडा विरघळवा. हे पाणी फळीवर टाकून नारळाच्या काथ्याने किंवा खराट्याने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. आडवं घासू नका, तंतू उखडतात. तारेचा ब्रश नको. शेवाळ सुटून येईल. सोड्याने साग-बाभूळ थोडं काळपट दिसतं, घाबरू नका.

३. स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. सोडा राहिला तर तेल नीट धरत नाही.

४. आता वाळू द्या. एप्रिल-मेच्या उन्हात निदान आठ दिवस. इथेच मी घाई केली होती.

वाळल्यावर जुना पोपडा आलेला रंग खरवडून काढा आणि खरखरीत पॉलिशपेपर मारा.

तेल आणि रंग

फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले, तर जुनं तेल अजून काम करतंय. लगेच जिरले, तर लाकूड तेल मागतंय.

उघड्यावरच्या फळीला जाड चकचकीत थर देण्यापेक्षा आत मुरणारं तेल बरं. थराला ऊन-पावसाने चीर पडते, चिरेतून पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. रंगाच्या दुकानात उकळलेलं जवसाचं तेल मिळतं. पहिल्या हाताला दोन भाग तेलात एक भाग टर्पेंटाइन घाला, म्हणजे ते खोल मुरतं. या तेलात बारीक चाळलेला गेरू कालवा. गेरू म्हणजे लोहाची माती. ती ऊन अडवते, त्यामुळे लाकूड करडं पडायला वेळ लागतो. नुसत्या तेलाने हे साधत नाही.

ब्रशने लावून पाव तासाने, न मुरलेलं तेल फडक्याने पुसून घ्या, नाहीतर चिकट राहतं. दोन-तीन दिवसांनी टर्पेंटाइन न घालता दुसरा हात द्या. फळीच्या टोकांना मात्र पिईल तितकं पाजा. सगळ्यांत जास्त पाणी तिथूनच शिरतं.

खांबाचं बूड मातीत गाडण्यापेक्षा दगडी उथळ्यावर उभं करा. गाडावंच लागलं, तर वाळलेल्या बुडाला डांबर द्या. डांबर जमिनीच्या वर वीतभर आलं पाहिजे, कारण खांब कुजतो तो जमिनीच्या रेषेवर.

हे करू नका

जळकं ऑइल गाडीला, फाटकाला फासायची आपल्याकडे सवय आहे. ते फुकट मिळतं हे खरं. पण ते नीट वाळत नाही, त्यात धातूचे कण असतात, ते मातीत उतरतं, आणि सतत कातडीला लागणं कर्करोगाला आमंत्रण आहे. जनावरं चाटतात त्या जागी तर ते अजिबात नको.

वाळवीसाठी आधी मातीच्या नळ्या फोडा आणि वारूळ शोधा. माळ्यावर बी.एच.सी. पावडरीचा जुना डबा पडला असेल, तर तो वापरू नका. देशात १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे. औषध कोणतं, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारूनच ठरवा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना स्वतःच गरम होतं. बोळा आतल्या आत तापून, काडी न लावताही पेट घेतो. शेजारी कडब्याची गंज असली तर काय होईल, ते मी सांगायला नको. फडकं दगडावर पसरून उघड्यावर वाळवा, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

वर्षाचा हिशेब

मृगाआधी दाभणाने तपासणी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा फटी मोकळ्या करणं. दिवाळीनंतर थेंबाची परीक्षा. दरसाल एक दिवस मोडेल आणि डबाभर तेल लागेल, बस. आपल्याकडे आजोबांच्या हातची सागवानी गाडी नातू वापरतो, ती अशाच निगेमुळे.

तेव्हा मंडळी, उद्या सकाळी रानात जाताना खिशात दाभण टाका. मचाणावर पोरंबाळं चढतात, म्हाताऱ्या माणसांचं पाऊल पडतं. त्यांच्या पायाखाली काय आहे, हे त्यांच्याआधी आपल्याला कळलेलं बरं.