दाट रक्ताचें कोडें

घरांतील वडील माणूस लवकर थकूं लागला, म्हणजे आपण "वय झालें" असें म्हणून स्वस्थ बसतों. बहुधा तें खरेंही असतें. परंतु क्वचित् त्या थकव्याच्या मुळाशीं रक्ताचा एक दुर्मिळ व मंदगतीनें वाढणारा कर्करोग असतो. तो कसा ओळखतात, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं समजून घेण्यासारखें आहे.

इ. स. १९४४ सालीं स्वीडनमधील डॉक्टर यान वाल्डेनस्ट्रॉम यांनीं दोन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांच्याही नाकातोंडांतून रक्त येई, रसग्रंथि सुजल्या होत्या व अंगांत रक्त कमी झालें होतें. अस्थिमज्जेच्या दुसऱ्या एका कर्करोगाचा संशय घ्यावा, तर क्ष-किरणांच्या चित्रांत हाडें शाबूत दिसत. मग हें होतें तरी काय?

उप्सला येथें स्वेडबर्ग या रसायनशास्त्रज्ञानें महावेगानें फिरणारें एक यंत्र पूर्वींच सिद्ध केलें होतें. त्यांत द्रवांतील जड कण हलक्या कणांपासून वेगळे होऊन तळाकडे जातात. या यंत्रांत रक्तरसाची परीक्षा झाली, तेव्हां हायड्रोजनच्या अणूच्या सुमारें १० लक्ष पट भाराचें एक प्रथिन त्यांत विपुल आढळलें. कोडें उलगडूं लागलें.

रोगजंतूंशीं लढणारीं प्रतिद्रव्यें आपल्या पांढऱ्या पेशींच्या वंशांत तयार होतात. या रोगांत अशा एकाच पेशीची संतति बेसुमार वाढते व एकाच सांच्याचें अवजड प्रतिद्रव्य रक्तांत ओतीत राहते. मज्जेंत गर्दी झाल्यामुळें तांबड्या पेशी कमी पडतात आणि थकवा येतो. रक्त दाट झाल्यामुळें नाक फुटतें, डोकें दुखतें व दृष्टि अंधुक होते.

आज निदानासाठीं रक्तरसांतून विद्युत्प्रवाह सोडतात. नाना प्रकारचीं प्रतिद्रव्यें असलीं, तर त्यांचा रुंद पट्टा पसरतो. एकाच सांच्याचीं असलीं, तर एक अरुंद, ठळक रेघ उमटते. परंतु न्यायाधीश एकाच साक्षीवरून निकाल देत नाहीं. अशी रेघ कर्करोगावांचूनही दिसूं शकते. म्हणून कमरेच्या हाडांतील मज्जा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. पेशींच्या आनुवंशिक द्रव्यांतील एक विशिष्ट बदल दहांपैकीं नऊंहून अधिक रोग्यांत असतो, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून तीही साक्ष घेतात. या साक्षी एकत्र तोलूनच रोगाचें नांव उच्चारतात. तें नांव आज वाल्डेनस्ट्रॉम यांचेंच आहे.

नांव कळलें म्हणजे लगेच औषध सुरू होतेंच, असें मात्र नाहीं. कांहीं त्रास नसेल, तर वेळोवेळीं रक्त तपासून कित्येक वर्षें केवळ लक्ष ठेवितात. त्रास उद्भवल्यावर उपचार करितात. तेव्हां थकलेल्या प्रत्येक वृद्धास हाच रोग आहे असें समजून भिऊं नये. परंतु थकव्याबरोबर नाकांतून वारंवार रक्त येत असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर "वय झालें" या दोन शब्दांवर समाधान न मानितां डॉक्टरांकडे जावें. आजीआजोबांच्या कुरकुरीकडे प्रेमानें कान देणें, ही निदानाची पहिली पायरी होय. आणि ती घरींच चढावयाची असते.