जबलपूरची उघडी जोंगा
उघड्या गाडीतून लांबचा प्रवास म्हटले की परदेशी चित्रपट आठवतो ना? पण अशी गाडी जबलपूरलाच बनत असे! ‘जबलपूर ऑर्डनन्स अ‍ॅण्ड गनकॅरेज असेंब्ली’च्या आद्याक्षरांवरून ‘जोंगा’. मूळ बनावट निस्सानची; १९६९ पासून ती लष्करासाठी तयार होऊ लागली. लिलावात निघालेल्या जोंगा मग हौशी मंडळींनी घेतल्या.

घमापुराहून सिवनीमार्गे नागपूरला अशा गाडीतून जायचे, तर पहाटेच निघा. वाऱ्यामुळे उन्हाची झळ जाणवत नाही आणि इथेच फसगत होते. तहान नसली तरी पाणी प्या, डोक्याला रुमाल बांधा, दुपारी कापडी छत चढवा. मुलांना मात्र मागे उभे राहू देऊ नका. गाडी उलटली, तर कापडी छत कुणाला वाचवत नाही!