वेगाची वारी आणि पदरची शिदोरी

आंबोलीचा घाट चढून, आजऱ्यावरून पुण्याच्या वाटेला लागणाऱ्या कोकण-गोव्याच्या प्रवाशाला निपाणी हे गाव डोळ्यांआधी नाकाला कळते, असे जुनी माणसे सांगत. तंबाखूच्या वखारींचा तो उग्र दर्प आणि त्या वखारींवर उभी राहिलेली पेठ ही या गावाची ओळख. आता भोवतालच्या रानांत ऊसही मातला आहे. अशा गावातील एखाद्या तरुणाने उद्या घरी येऊन सांगितले की, आम्ही चौघे मित्र मोटारींची शर्यत पाहावयास अबुधाबीला जाणार आहोत, तर पुढे काय होईल हे सांगण्यास ज्योतिषी नको. वडील म्हणतील, 'अरं, शर्यतच बघायची तर जत्रंतली बैलगाड्यांची बघ की!' आजी विचारील, 'तिकडं कुठला देव हाय रं?' यातील वडिलांच्या बोलण्यावर हसून चालेल. आजीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही, असे आम्हांस वाटते.

वेगाचे वेड हे काही परदेशातून आलेले खूळ नव्हे. कृष्णा-पंचगंगा-वेदगंगेच्या या मुलखात बैलगाडीच्या शर्यतीसाठी माणसे कामधंदा टाकून कोसभर चालत गेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला त्या भरविण्याची सशर्त मुभा दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्र, कर्नाटक व तामिळनाडू या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरविले. मुक्या जनावराच्या वेदनेचा प्रश्न त्यामुळे संपला असे आम्ही मानीत नाही. पण ज्या मुलखात हे प्रकरण इतकी वर्षे माणसांच्या जिव्हाळ्याचे राहिले, तेथील पोराला यंत्राच्या शर्यतीची ओढ लागली तर नवल ते कोणते? शेजारच्या कोल्हापुरात तर मोटारशर्यतीचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली, आणि तेथील कृष्णराज महाडिक याने थेट इंग्लंडात जाऊन ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेत गाडी हाकली.

मग त्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण काय? कारण एवढेच की, ही शर्यत आपल्या दारी आली होती आणि आपण तिला टिकवू शकलो नाही. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनची पहिली भारतीय शर्यत झाली. पाच किलोमीटरांहून थोड्या अधिक लांबीच्या त्या वळणदार मार्गावर २०११, २०१२ आणि २०१३ अशी तिन्ही वर्षे जर्मनीचा सेबास्टियन फेटेल जिंकला. त्यानंतर हा खेळ मानावा की करमणूक, त्यावर करमणूक कर लागतो की नाही, परदेशातून येणाऱ्या यंत्रसामग्रीवरील जकातीचे काय, अशा वादांत ती शर्यत अडकली आणि पुन्हा भरली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच मार्गावर मोटारसायकलींची जागतिक स्पर्धा झाली. पुढच्या वर्षी तिचेही नाव कार्यक्रमपत्रिकेतून गळले. कोट्यवधी रुपयांचा मार्ग बांधावयाचा आणि त्यावर गवत उगवू द्यावयाचे, ही कला आपणास चांगली साधली आहे!

तेव्हा जाणे आलेच. ज्याला जावयाचे आहे त्याने ते नीट आखून जावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. सीमाभागातल्या माणसाला 'सीमा' या शब्दाचा अर्थ सांगणे न लगे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून निपाणीकर एका रेषेशी झगडत आला आहे. पण २०१८ पासून पासपोर्टाचा अर्ज देशात कोठूनही करता येतो. म्हणजे निपाणीच्या तरुणाने चाळीस किलोमीटरांवरील कोल्हापूर गाठावे की बेळगाव, हे त्याच्या सोयीवर आहे. जे राज्यकर्त्यांच्या अनेक बैठकांना जमले नाही, ते या एका सरकारी पुस्तिकेपुरते तरी घडले, हा विनोद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. परतीच्या तारखेनंतरही पासपोर्टाची मुदत सहा महिने उरली पाहिजे, हे मात्र आधी पाहावे. अनेकांची यात्रा विमानतळावरच संपते ती या एका चुकीने.

जावे कोठे, याचाही विचार हवा. सिंगापूरची शर्यत २००८ पासून रात्री, दिव्यांच्या लखलखाटात, शहराच्या रस्त्यांवरच होते. त्या दिवसांत तेथील मुक्कामाचे दर आकाशाला भिडतात. अबुधाबीची यास मरिना येथील शर्यत २००९ पासून भरते, आणि अलीकडे वर्षाचा समारोप तेथेच होतो. पूर्वी मलेशियातील सेपांगची शर्यत आपल्या खिशाला परवडत असे. ती २०१७ नंतर बंद झाली. आखाती देशांत आपली माणसे पुष्कळ. एखाद्या आप्ताकडे पथारी टाकण्याची सोय झाली तर निम्मा खर्च वाचतो. मात्र नोव्हेंबर-डिसेंबरात इकडे उसाचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. ज्याच्या घरचा ऊस तोडणीच्या रांगेत उभा आहे, त्याने तो वडिलांच्या गळ्यात टाकून शर्यतीला जाऊ नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

आणखी एक. शर्यत ही रविवारच्या दोन तासांची गोष्ट नव्हे. शुक्रवारी सराव, शनिवारी कोणी कोठून सुटावयाचे याची चुरस, आणि रविवारी तीनशे पाच किलोमीटरांची मुख्य धाव, असा तो तीन दिवसांचा सोहळा असतो. ज्याला यातले काही ठाऊक नाही त्याला समोरून सपकन जाणारे रंग तेवढे दिसतील, आणि लाखभर रुपये मोजून तो कानठळ्या घेऊन परतेल. म्हणून आमची सूचना अशी की, पहिली वारी चेन्नईची करावी. तेथील इरुंगाट्टुकोट्टईचा मार्ग १९९० पासून चालू आहे. कोइम्बतूरलाही कारी स्पीडवे आहे. रेल्वेने वा मोटारीने तेथे जाऊन, थोड्या पैशांत, गाडी वळणावर कशी धरतात आणि कशी सोडतात ते आधी डोळ्यांनी पाहावे. तेथे रंगला तो पुढे जावो. तेथे कंटाळला त्याचे लाख रुपये वाचले.

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. तिकडे कुठला देव आहे? तिकडे पैसा आहे, आणि तो कोठून आला हे निपाणीच्या माणसाने तरी विचारले पाहिजे. १९६८ साली लोटस कंपनीच्या गाड्या प्रथमच एका सिगारेटच्या तांबड्या-पांढऱ्या-सोनेरी रंगांत रंगल्या, आणि त्याच वर्षी ग्रॅहम हिल जगज्जेता झाला. १९७२ पासून त्याच कंपनीची काळी-सोनेरी गाडी दुसऱ्या एका सिगारेटची जाहिरात घेऊन धावू लागली. मॅक्लारेनची तांबडी-पांढरी गाडी १९७४ ते १९९६ या काळात मार्लबरोचे नाव मिरवीत होती. सेनाच्या विजयांची छायाचित्रे त्याच रंगांत आहेत. युरोपने २००५ साली अशा जाहिरातींवर बंदी घातली तोवर या खेळाची चूल फार मोठ्या प्रमाणात तंबाखूवर पेटत होती.

निपाणीची तंबाखू विडीची, त्या गाड्यांवरची सिगारेट वेगळ्या पानाची. तेव्हा निपाणीच्या घामावर त्या गाड्या धावल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण तंबाखूचे जग एकच आहे. त्याच्या एका टोकाला विजेत्याच्या हातातील शॅम्पेनची बाटली होती, आणि दुसऱ्या टोकाला वखारीच्या धुळीत दिवसभर तंबाखू कुटणारी, चाळणारी, खोकत घरी जाणारी बाई होती. या बायकांनी संघटना बांधून झुंज दिली. १९८२ साली 'युगांतर' या गटाने त्यांच्या लढ्यावर माहितीपट काढला. त्याआधी एकच वर्ष, मार्च १९८१ मध्ये, शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी भावासाठी याच गावाजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला. सुमारे तीन आठवडे हजारो माणसे रस्त्यावर बसून होती. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. हिंदुस्थानातील एका मोठ्या रस्त्याचा वेग रोखून ज्या गावाने आपले म्हणणे मांडले, त्या गावाचा नातू वेग पाहावयास निघाला आहे. त्याने जरूर जावे. पण आजोबा ज्या रस्त्यावर बसले होते त्याची आठवण शिदोरीत बांधून न्यावी.

तेथे गेल्यावर त्याने काय पाहावे? विजेत्याचा चषक तर सारेच पाहतात. त्याने गाडी क्षणभर थांबते ती जागा पाहावी. वीसएक माणसे तीन सेकंदांच्या आत चारही चाके बदलतात. २०२३ साली कतारमध्ये मॅक्लारेनच्या चमूने हे काम १.८० सेकंदांत केले. त्यात एकाचा हात चुकला तर सर्वांचे श्रम वाया. कोल्हापूर आणि बेळगावच्या फौंड्र्यांत मोटारींचे ओतीव भाग बनविणाऱ्या हातांना त्या शिस्तीचे मोल कळेल. बघ्याची नजर घरी ठेवून कारागिराची नजर घेऊन जो जाईल, त्याचा पैसा वसूल झाला असे आम्ही समजू.

दुसरे पाहावयाचे ते जिवाचे मोल. १९५५ साली फ्रान्समधील ल मान्स येथे गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. १९९४ साली इमोला येथे दोन दिवसांत दोन चालक गेले, त्यांतला एक सेना. प्रत्येक मृत्यूतून हा खेळ काही शिकला. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती धातूचे कडे सक्तीचे झाले, आणि २०२० साली बहरीनमध्ये गाडी दुभंगून पेटली तरी रोमँ ग्रोझाँ ज्वाळांतून चालत बाहेर आला. इकडे आमच्या महामार्गावर हेल्मेट हँडलला अडकवून मोटारसायकली पळविणारी पोरे आपण रोज पाहतो. शर्यत पाहून आलेला तरुण जर तवंदीच्या घाटात पूर्वीसारखाच बेफाम सुटणार असेल, तर त्याने जाऊ नये. त्याला तेथील काहीच दिसले नाही.

पंढरीच्या वारीला निघालेला वारकरी वाट ठरवून घेतो, मुक्काम ठरवून घेतो, घरची पेरणी उरकून निघतो, आणि परतताना गावासाठी बुक्का घेऊन येतो. वेगाच्या या वारीलाही तोच नेम लागू आहे. निपाणीच्या त्या चौघा मित्रांना आमचा विरोध नाही, आशीर्वादच आहे. आजीला त्यांनी परतल्यावर उत्तर द्यावे. देव पाहिला नाही, पण माणसाचे हात पाहिले, असे त्यांना सांगता आले तर त्या माउलीचे समाधान होईल, आणि आमचेही.