ल्युपस आणि इंटरफेरॉन : एका प्रथिनाचा मागोवा

ल्युपस या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींमधील डीएनए व आरएनएविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्वचा, सांधे, मूत्रपिंडे होरपळतात. दर दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये ल्युपसची खूण ठरलेल्या ‘एल. ई. पेशी’ ओळखल्या गेल्या आणि पुढची कित्येक वर्षे संशोधनाचा भर प्रतिपिंडांवरच राहिला. पेशी एकमेकींना ज्या प्रथिनांमार्फत निरोप धाडतात, त्या सायटोकाइनांकडे लक्ष वळायला बराच वेळ गेला.

त्यांपैकी इंटरफेरॉन १९५७ मध्ये लंडनला अॅलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमान यांना सापडले, तेही विषाणूंच्या अभ्यासात. १९७९ मध्ये ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तात ते आढळले; आजार उफाळलेला असताना अधिक. पण ते आजाराचे कारण की परिणाम, हे त्यावरून ठरत नव्हते. पहिला ठोस इशारा १९९० मध्ये स्वीडनमधून आला. कार्सिनॉइड गाठीसाठी इंटरफेरॉन-अल्फा घेणाऱ्या एका रुग्णाला ल्युपस झाल्याची नोंद लार्स रॉनब्लॉम आणि सहकाऱ्यांनी केली. एकाच रुग्णाची ही नोंद, पण मागोवा घेताना तिचे मोल फार मोठे वाटते.

यानंतर साखळीचे दुवे भराभर जुळले. १९९९ मध्ये इंटरफेरॉनचा मोठा साठा बाहेर टाकणाऱ्या प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रायटिक पेशींची ओळख पटली. मेलेल्या पेशींतून सुटलेले डीएनए-आरएनए प्रतिपिंडांना चिकटते, हे जोड या पेशी आत घेतात आणि टीएलआर-७ व टीएलआर-९ हे ग्राही ते विषाणूचे समजून इंटरफेरॉन सोडायला लावतात. त्याने बी पेशी चेततात, आणखी प्रतिपिंडे तयार होतात आणि चक्र चालू राहते. ल्युपसमध्ये १९५० च्या दशकापासून दिले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन याच ग्राहींना आवर घालते, हे कित्येक दशकांनी उमगले. २००३ मध्ये मिनेसोटा आणि डॅलस येथील गटांनी रुग्णांच्या रक्तपेशींत इंटरफेरॉनमुळे जागी होणारी जनुके एकत्र चेतलेली दाखवली. या ‘इंटरफेरॉन सिग्नेचर’ने कारण-परिणामाच्या वादाचा तोल फिरवला.

उपचारांची वाट मात्र सरळ नव्हती. बी पेशींना जगवणाऱ्या ‘बाफ’ या दुसऱ्या सायटोकाइनला अडवणारे बेलिमुमॅब २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. पन्नासहून अधिक वर्षांत खास ल्युपससाठी आलेले ते पहिले नवे औषध. टीएनएफ या सायटोकाइनला रोखणारी औषधे संधिवातात गुणकारी, पण काही रुग्णांत त्यांच्यामुळेच ल्युपससारखी लक्षणे उद्भवतात. म्हणजे दाह वाढवणारे प्रत्येक प्रथिन इथे रोखण्याजोगे नाही. इंटरफेरॉन-अल्फाला थेट पकडणाऱ्या प्रतिपिंडांचा लाभ तोकडा ठरला. मग त्याच्या ग्राहीलाच अडवणारे अॅनिफ्रोलुमॅब आले. पहिल्या मोठ्या चाचणीत ते मुख्य निकषावर उतरले नाही, दुसरीत वेगळ्या निकषावर उतरले आणि जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते घेणाऱ्यांत नागीण अधिक दिसते, कारण विषाणूंना रोखणारी यंत्रणाही थोडी सैल पडते. मूत्रपिंड वा मेंदूचा तीव्र आजार असलेले रुग्ण या चाचण्यांत नव्हते.

आजाराच्या मुळाचा शोधही चालू राहिला. २०२२ मध्ये ल्युपस झालेल्या स्पेनमधील एका मुलीच्या टीएलआर-७ च्या जनुकात एकाच ठिकाणचा बदल सापडला. तोच बदल उंदरांत घडवल्यावर त्यांनाही ल्युपस झाला. टीएलआर-७ चे जनुक एक्स गुणसूत्रावर असते; रुग्णांत स्त्रिया अधिक का, याचा एक धागा तिथे असू शकतो. बहुतेक रुग्णांत मात्र अनेक जनुकांचा छोटा-छोटा वाटा असतो.