हद्दीने करून दिलेला प्रयोग

संस्थानी काळात बेळगाव इंग्रजांचं, तर त्याला खेटून असलेलं शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं. ओळ ओलांडली की अंमल बदलायचा. हद्दींची अशी सवय असलेल्या या मुलखाला कर्करोगाच्या नियोजनाचा एक मोठा धडाही हद्दीनेच मिळावा, हे योग्यच.

2010 मध्ये कर्नाटकाने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी वाजपेयी आरोग्यश्री योजना आणली. हृदयविकार, कर्करोग अशा खर्चिक आजारांवर मोठ्या रुग्णालयांत मोफत उपचार. सुरुवात गुलबर्गा विभागात, मग बेळगाव विभागात. दक्षिण कर्नाटक तेव्हा बाहेरच. संशोधकांनी नेमकी या रेषेलगतची गावं धरली: योजनेतली 300 आणि शेजारचीच, पण योजनेबाहेरची 272. हवापाणी, शेती, गरिबी सारखीच. 2014 च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधले आकडे असे: योजनेतल्या आजारांनी झालेले मृत्यू गरीब घरांत एकीकडे 0.32 टक्के, दुसरीकडे 0.90. फरक इतका मोठा की जरा शंकेनेच वाचावा. पण योजनेला अपात्र असलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या घरांत दोन्हीकडे असा फरक दिसला नाही. म्हणजे श्रेय योजनेचं, गावाच्या पाण्याचं नव्हे.

तरीही विमा रुग्णालयाच्या दारापासून पुढे कामाला येतो. तोंडाचा कर्करोग त्याआधी कित्येक वर्षं गालात मुरत असतो. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीचं अर्थकारण तंबाखूवर उभं राहिलं. शेतकऱ्याचा भाव, वखारीतल्या बायकांची मजुरी, सगळं तिच्यावर. तंबाखू वाळवताना, मुरवताना निकोटिनसारख्या द्रव्यांपासून नायट्रोसमाइन्स तयार होतात आणि पेशीतल्या डीएनएला इजा करतात. त्यासाठी धूर लागत नाही. ‘मी ओढत नाही, नुसती मिश्री लावते’ हा बचाव तिथेच संपतो.

गालातला न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, ही सूचना बॅटरीच्या उजेडात दिसते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. माझ्या मते राज्याच्या कर्करोग आराखड्यात पहिला खर्च यावर हवा. महागडी यंत्रं नंतर.

आणि इथे आराखडा एका राज्याचा असून भागत नाही. महाराष्ट्राने गुटखा जुलै 2012 मध्ये बंद केला, कर्नाटकाने मे 2013 मध्ये. मधल्या महिन्यांत कागलला बंद असलेली पुडी कोगनोळी नाक्यापलीकडे उघड विकता येत होती! 2023 मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकात असलेल्या, पण महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली. निपाणीहून कोल्हापूर मात्र बेळगावच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे. तिथे निदान झालेला निपाणीचा रुग्ण कुणाच्या नोंदवहीत धरायचा, हे दोन्ही आरोग्य खात्यांनी एकत्र बसून ठरवायला हवं.