सीपॅप मशीन घेतलं, पण मास्क लावून झोपच लागत नाही? पहिले काही आठवडे नेमकं काय करायचं?

घरच्यांनी घोरण्याची तक्रार केली, डॉक्टरांनी स्लीप स्टडी करायला सांगितली, रिपोर्टमध्ये स्लीप ॲप्निया निघाला आणि सीपॅप मशीन घरी आलं. खरी परीक्षा त्या रात्री सुरू होते. नाकावर मास्क, डोक्याला पट्टे, तोंडासमोर नळी आणि नाकात सतत घुसणारी हवा. पहिल्या रात्री माणूस तासाभरात मास्क काढून ठेवतो. चौथ्या-पाचव्या रात्री तो लावायचाच कंटाळा येतो. महिन्याभरात हजारो रुपयांचं मशीन कपाटावर जाऊन बसतं.

जगभरात सीपॅप वापरायला सुरुवात केलेल्यांपैकी बरेच जण ते असंच सोडून देतात. यातल्या बहुतेकांना वाटतं, 'आपल्याला हे जमणारं नाही.' पण त्यांनी सांगितलेली कारणं बघितली तर तोंड कोरडं पडणं, हवा गळणं, नाक चोंदणं, गुदमरल्यासारखं वाटणं अशी चार-पाचच निघतात आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकावर उपाय आहे. फक्त तो वेळेत विचारायला हवा.

घशात नेमकं काय होतं?

झोपेत आपले स्नायू सैल पडतात, घशाचेही. काही लोकांमध्ये ते इतके सैल पडतात की जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे जाऊन श्वासाची वाट बंद होते. छाती श्वास घ्यायचा प्रयत्न करत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन कमी होतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि मोठ्या आवाजात श्वास सुरू होतो. सकाळी त्या माणसाला यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते बाजूला झोपणाऱ्याला.

किमान १० सेकंद श्वास थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. असे पूर्ण किंवा अर्धवट अडथळे तासाला ५ ते १५ वेळा येत असतील तर आजार सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम आणि ३० किंवा त्याहून जास्त असतील तर तीव्र. तासाला ४० अडथळे म्हणजे दर दीड मिनिटाला एक. आठ तास झोपूनही माणूस सकाळी थकलेला का असतो, गाडी चालवताना सिग्नलवर डोळा का लागतो, हे या आकड्यावरून कळतं. उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशीही या आजाराचा संबंध आहे.

१५ फेब्रुवारी २०२२ ला संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं. त्यांच्या डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचा उल्लेख केला, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी या आजाराचं नाव पहिल्यांदा ऐकलं. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या अभ्यासांच्या आधारे अंदाज मांडला की, भारतातल्या सुमारे ११ टक्के प्रौढांना हा त्रास असावा.

मशीन काय करतं आणि काय करत नाही?

कोविडच्या लाटेत 'बायपॅप' आणि 'व्हेंटिलेटर' हे शब्द घराघरांत पोचले. त्यामुळे घरात कुणी मास्क लावलेला दिसला की, नातेवाइकांना थेट आयसीयू आठवतं. पण सीपॅप हा व्हेंटिलेटर नाही. ते तुमच्यासाठी श्वास घेत नाही आणि ऑक्सिजनही देत नाही. ते खोलीतलीच हवा गाळून, थोड्या दाबाने घशापर्यंत पोचवतं. त्या दाबामुळे घसा आतून उघडा राहतो, इतकंच.

हा दाब किती असतो? तो पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि साधारण ४ ते २० च्या दरम्यान असतो. ग्लासात १० सेंटिमीटर खोल स्ट्रॉ बुडवून फुंकर मारा. बुडबुडे यायला जितका जोर लागतो, तितका म्हणजे १० चा दाब. धोका काहीच नाही, पण रात्रभर श्वास सोडताना तो जाणवतो.

ही कल्पना ऑस्ट्रेलियातली. सिडनी विद्यापीठातले डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये व्हॅक्यूम क्लीनरची मोटार उलटी वापरून, म्हणजे हवा ओढण्याऐवजी सोडायला लावून, पहिलं मशीन जुळवलं. १९८१ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्यांनी पाच रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करणं. आजचं मशीन त्या मोटारीच्या तुलनेत खूप शांत आहे. तरी चेहऱ्यावर काहीतरी बांधून झोपायचं, ही अडचण कायम आहे.

पहाटे तीनला मास्क काढला तर काय बिघडतं?

'रात्री लावतो, पण पहाटे कधीतरी काढला जातो,' असं अनेक जण सांगतात. तेवढं चालत असेल असं वाटतं. पण स्वप्नांची झोप, म्हणजे रेम झोप, रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि या झोपेत स्नायू सगळ्यात सैल असतात. अनेकांमध्ये सगळ्यात लांब अडथळे आणि ऑक्सिजनची सगळ्यात मोठी घसरण याच वेळी होते. म्हणजे मास्क नेमका गरजेच्या तासांत उशाशी पडलेला असतो.

किती तास वापर होतो, हे का महत्त्वाचं आहे? २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 'सेव्ह' नावाचा मोठा अभ्यास आला. त्यात हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७०० हून अधिक रुग्ण होते. सीपॅपमुळे दिवसाची पेंग आणि मनःस्थिती सुधारली, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं नाही. या रुग्णांचा सरासरी वापर रात्री फक्त ३.३ तास होता. जास्त तास वापरला असता तर निकाल वेगळा लागला असता का, यावर तज्ज्ञांमध्ये अजून चर्चा चालू आहे.

अमेरिकेतल्या मेडिकेअर विम्यात ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर झाला तर तो पुरेसा मानतात. पण हा विम्याचा हिशोब आहे. तुमचं ध्येय 'जितका वेळ झोप, तितका वेळ मास्क' हेच हवं. दुपारच्या वामकुक्षीलासुद्धा.

आधी दिवसा सराव करा

पहिल्या आठवड्यात पडलेली सवयच पुढे टिकते, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणून सुरुवातच सावकाश करा. मास्क लावताच जीव घाबरा होणाऱ्यांसाठी डॉक्टर हाच क्रम सुचवतात:

१. मशीन बंद असताना मास्क फक्त हातानं चेहऱ्यावर धरा. पट्टे बांधू नका.
२. मग पट्टे बांधून टीव्ही बघत १५-२० मिनिटं बसा.
३. पुढच्या दिवशी मशीन सुरू करून तेच करा.
४. नंतर दुपारी आडवं होऊन.
५. मग रात्री.

प्रत्येक पायरीला एक-दोन दिवस लागले तरी हरकत नाही. एखाद्या पायरीवर घाबरायला झालं तर एक पायरी मागे या.

मशीनमध्ये 'रॅम्प' नावाची सोय असते. त्यात दाब सुरुवातीला कमी असतो आणि तुम्हाला झोप लागेपर्यंत हळूहळू वाढतो. अनेक मशीनमध्ये श्वास सोडताना दाब थोडा कमी करणारी सोयही असते. ती सुरू आहे का, हे विक्रेत्याला नक्की विचारा.

मास्क कोणता आणि किती घट्ट?

मास्कचे मुख्य प्रकार तीन. नाकावर बसणारा, नाकपुड्यांशी टेकणाऱ्या छोट्या उशांचा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. बंदिस्तपणाची भीती वाटते त्यांना नाकपुड्यांचा सोपा जातो. दाट मिशी-दाढी असेल तरीही तोच बरा, कारण केसांमधून हवा निसटते.

मास्कचं माप नेहमी आडवं होऊन, मशीन सुरू ठेवून घ्या. बसल्यावर नीट बसलेला मास्क झोपल्यावर सरकतो. हवा गळायला लागली की, आपण पट्टे आवळतो आणि इथेच चूक होते. मास्कची कड हवेनं फुगून त्वचेला चिकटायला हवी. जास्त आवळलं तर ती चेपते, गळती वाढते आणि सकाळी नाकाच्या वर लाल वळ उठतो. अशा वेळी पट्टे पूर्ण सैल करून मास्क पुन्हा बसवा. रात्री चेहऱ्याला क्रीम आणि केसांना भरपूर तेल लावून झोपायची सवय असेल तर ती बदला. तेलकटपणामुळे मास्क घसरतो.

मास्कला छोटी भोकं असतात. त्यातून सोडलेला श्वास बाहेर जातो. ती 'गळती' समजून चिकटपट्टीनं बंद करू नका.

तक्रार कोणती, उपाय कोणता?

तोंड कोरडं पडतं: नाकाच्या मास्कमध्ये तोंड उघडलं की, हवा तिथून बाहेर पडते. आधी नाक चोंदलेलं नाही ना ते बघा. हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड झाकणारा मास्क हे पुढचे पर्याय.

नाक चोंदतं, शिंका येतात: ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट आणि कोमट करणारी पाण्याची टाकी, सुरू करा. मिठाच्या पाण्याचा स्प्रे मदत करतो. नाकाचा पडदा वाकडा असेल किंवा ॲलर्जी असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

नळीत पाणी साचतं: एसीच्या गार खोलीत दमट हवा नळीत थंड होते आणि थेंब जमतात. नळी पांघरुणाखालून घ्या, आर्द्रता थोडी कमी करा आणि मशीन बिछान्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवा.

पोट फुगतं, ढेकर येतात: हवा गिळली जाते. डावीकडे कुशीवर झोपून बघा. तरी थांबलं नाही तर दाबाबद्दल डॉक्टरांशी बोला.

झोपेत नकळत मास्क काढला जातो: जाग येईल तेव्हा पुन्हा लावा. बहुतेक वेळा मागे गळती किंवा चोंदलेलं नाकच असतं.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर वापरा आणि ते रोज बदला. नळाच्या जड पाण्यानं टाकीत पांढरा थर बसतो. मास्कची कड रोज साध्या साबणानं पुसा. मशीन खोलीतलीच हवा ओढतं, त्यामुळे उदबत्ती आणि मच्छर कॉइल त्याच्या जवळ लावू नका. धूळ जास्त असेल तिथे फिल्टर लवकर बदलावा लागतो.

लाइट गेली तर?

सगळ्यांना पडणारा प्रश्न. मशीन बंद पडलं तर गुदमरायला होत नाही. नाकाचा मास्क असेल तर तोंडानं श्वास घेता येतो आणि पूर्ण मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. त्या रात्रीचा उपचार मात्र थांबतो. घरी इन्व्हर्टर असेल तर बहुतेक मशीन त्यावर चालतात, पण तो साइन वेव्ह प्रकारचा असलेला बरा. ह्युमिडिफायरचं गरम करणं बंद केलं की, बॅटरी जास्त वेळ टिकते.

रेल्वेच्या डब्यातल्या चार्जिंग सॉकेटवर रात्रभर भरवसा ठेवू नका. काही गाड्यांत त्यांचा पुरवठा रात्री बंद केला जातो. वारंवार प्रवास असेल तर मशीनसाठीची वेगळी बॅटरी घ्या. विमानात मशीन सामानात न टाकता हातात ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या.

घेण्याआधी भाड्यानं वापरून बघा

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अनेक विक्रेते मशीन काही आठवडे भाड्यानं देतात. थेट विकत घेण्यापेक्षा हे शहाणपणाचं. मास्क बदलून मिळेल का, दुरुस्ती कोण करेल आणि घरी येऊन माप घेतील का, हे तीन प्रश्न आधी विचारा. जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर मॉडेल तपासा. जून २०२१ मध्ये फिलिप्सनं आतला आवाज दाबणारा फोम खराब होत असल्यामुळे जगभरातून लाखो मशीन परत बोलावली होती.

मशीनवरचे तीन आकडे बघायला शिका: किती तास वापरलं, किती गळती झाली आणि तासाला किती अडथळे उरले. तिसरा आकडा साधारण ५ च्या खाली असावा. तास भरतायत, गळती नाही, तरी अडथळे कमी होत नसतील तर डॉक्टरांना दाखवा. दाब स्वतःहून वाढवू नका.

तरीही जमलंच नाही तर?

पर्याय आहेत. खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण सौम्य आणि मध्यम आजारात उपयोगी पडतं. काहींना फक्त उताणं झोपल्यावर त्रास होतो, त्यांना कुशीवर झोपून फरक पडतो. वजन कमी केल्यानं अडथळे घटतात. लठ्ठपणासोबत मध्यम ते तीव्र आजार असलेल्यांसाठी अमेरिकेच्या एफडीएनं डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपेटाइड या औषधाला मान्यता दिली. काही रुग्णांत शस्त्रक्रियाही होते. रात्रीची दारू आणि मनानं घेतलेल्या झोपेच्या गोळ्या मात्र घसा आणखी सैल करतात, त्या टाळाच.

पण हे पर्याय डॉक्टरांसोबत ठरवायचे. दोन आठवड्यांनी त्रास तसाच असेल तर मशीन कपाटावर ठेवण्याआधी एक फोन करा. 'जमत नाही' एवढंच सांगू नका. कोणता मास्क आहे, रात्री किती वाजता काढला जातो, सकाळी तोंड कोरडं असतं की नाक बंद, हे सांगा. बाजूला झोपणाऱ्यालाही सोबत न्या. घोरणं थांबलंय की नाही, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.